कॅरिबियन क्रूझ : मला सतत विचारले जाणारे प्रश्न

मी न्यू जर्सीत राहते. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत कॅरिबियनच्या सतरा क्रूझ झाल्या. काही नवऱ्याबरोबर, काही मुलांना घेऊन, दोन सासूसासऱ्यांसोबत आणि एक चौदा नातेवाइकांच्या वऱ्हाडासह (ती पुन्हा नाही). दर ऑक्टोबरात थंडीची चाहूल लागली की फोनवर तेच ते प्रश्न सुरू होतात. तेच इथे एकत्र करून ठेवलेत. क्रमांक दिलेत, कारण एकाचं उत्तर दुसऱ्यात अडकलेलं असतं.

१. तिकिटात नक्की काय काय येतं?

खोली, मुख्य डायनिंग रूम आणि बुफे, साधं पाणी-चहा-कॉफी, लिंबू सरबत, तलाव, संध्याकाळचे शो, मुलांचा क्लब आणि एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाणं. दारू, डब्यातली शीतपेयं, वेगळी पैसेवाली रेस्टॉरंट्स, वायफाय, बेटांवरच्या सहली, फोटो, स्पा हे सगळं वेगळं.

लोक विसरतात ती टिप. मोठ्या कंपन्यांत ती माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर असते आणि आपोआप खात्याला लागते. चार जण, सात रात्री, १८ डॉलरने धरा : ५०४ डॉलर. शिवाय तिकिटावर कर आणि बंदराचं शुल्क. म्हणून जाहिरातीतला आकडा बघून कोणाला 'स्वस्तात जमलं' असं कळवू नका. शेवटच्या पानावरचा आकडा आला की मग बोला. (मुलांनाही टिप लागते का, हे विचारणारे खूप. हो, लागते, फक्त अगदी तान्ह्या बाळांना काही कंपन्या सोडतात.)

२. ईस्टर्न, वेस्टर्न, सदर्न यातलं पहिल्यांदा कोणतं घ्यावं?

वेस्टर्न म्हणजे कोझुमेल, कोस्टा माया, रोआतान, बेलीझ, ग्रँड केमन, जमैका. ईस्टर्न म्हणजे सेंट थॉमस, सेंट मार्टिन, सान हुआन, पोर्तो प्लाता. सदर्न म्हणजे अरुबा, कुरसाव, बार्बाडोस, सेंट लुसिया, ग्रेनेडा.

माया लोकांचे अवशेष, धबधबे, स्नॉर्केलिंग हवं तर वेस्टर्न. नुसता पांढरा वाळूचा किनारा आणि निळं पाणी हवं तर ईस्टर्न. सदर्न माझी सर्वांत आवडती, पण त्या बऱ्याच क्रूझ सान हुआनहून सुटतात, म्हणजे विमानाचं तिकीट वाढतं. फायदा असा की रोज सकाळी नवं बेट, समुद्रातले दिवस कमी. पहिल्या खेपेला मी सात रात्रींची ईस्टर्न किंवा वेस्टर्न सांगते. तीन-चार रात्रींची बहामाजची क्रूझ ही चव बघण्यापुरती. आणि तसं बघितलं तर बहामाज कॅरिबियन समुद्रात नाहीच, अटलांटिकात आहे.

३. प्रत्येक क्रूझ नासाऊ नाहीतर कोझुमेलला का थांबते? आम्हाला नुसतं अमेरिकेच्या किनाऱ्यानं फिरायचंय.

जमणार नाही. १८८६ चा एक अमेरिकी कायदा आहे. परदेशी नोंदणीच्या जहाजाला प्रवासी घेऊन फक्त अमेरिकेच्या बंदरांत फिरता येत नाही, वाटेत एक तरी परदेशी बंदर घ्यावं लागतं. आणि ही जहाजं जवळजवळ सगळी बहामाज, पनामा, माल्टा, बर्म्युडा यांच्या झेंड्याखाली चालतात. नासाऊ हे फ्लोरिडाला जवळचं परदेशी बंदर, म्हणून ते सगळ्यांच्या नशिबी.

४. कोणत्या महिन्यात जावं? वादळांची भीती वाटते.

हरिकेनचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातही ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत जोर. याच काळात भाव पडतात. जहाज वादळात शिरत नाही, वळसा घालतं. त्यामुळे धोका जिवाला कमी आणि कार्यक्रमाला जास्त. अरुबा, बोनेर, कुरसाव ही दक्षिणेची बेटं वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या खाली येतात, म्हणून सप्टेंबरात जायचंच असेल तर तिकडे जा.

थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमसच्या मधले दोन आठवडे हा माझा लाडका काळ. हवा छान, जहाज नाताळासाठी सजलेलं, गर्दी कमी. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडाही चांगला. नाताळची सुट्टी आणि मार्चमधला स्प्रिंग ब्रेक मी टाळते, मुलं शाळेत होती तेव्हा टाळता आला नाही. वसंतात आणि उन्हाळ्यात पूर्वेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यांवर सरगॅसम नावाचं तपकिरी समुद्री शेवाळ येतं आणि कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास मारतं. ब्रोशरमध्ये त्याचा फोटो नसतो.

५. केबिन कोणती घ्यावी? बाल्कनीला एवढे पैसे देणं योग्य आहे का?

जोडपं असेल तर बाल्कनी, कुटुंब असेल तर शेजारशेजारच्या दोन आतल्या खोल्या. आतली खोली म्हणजे खिडकी नाही. दिवा मालवला की दुपारी दोन वाजतासुद्धा अमावस्या. झोप छान लागते, पण सासूबाईंना एकदा पहाटेचे चार वाजलेत की संध्याकाळचे हे कळेना, त्या अंघोळ उरकून देवासमोर बसल्या. तेव्हापासून मी टीव्हीवर जहाजाच्या पुढचा कॅमेरा लावून आवाज बंद करून ठेवते, तीच आमची खिडकी.

खोलीच्या दर्जापेक्षा जागा बघा. डेकचा नकाशा उघडा आणि तुमच्या खोलीच्या वर-खाली काय आहे ते पाहा. वर-खाली खोल्याच असतील तर उत्तम. वर तलावाचा डेक असेल तर पहाटे पाचला आरामखुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, खाली थिएटर असेल तर रात्री अकरापर्यंत ढोल. 'गॅरंटी' खोली स्वस्त असते, पण मग जी मिळेल ती घ्यायची, तक्रार नाही. ज्यांना बोट लागते त्यांनी प्रश्न १३ आधी वाचावा.

एक छोटी गोष्ट : केबिनच्या भिंती लोखंडी असतात. चुंबकाचे चारसहा हुक घेऊन जा. ओले पोहण्याचे कपडे, टोप्या, कार्डं सगळं टांगता येतं.

६. आईबाबा भारतीय पासपोर्टवर, अमेरिकेच्या टूरिस्ट व्हिसावर आलेत. त्यांना प्रत्येक बेटाचा व्हिसा लागेल का?

सगळ्यात आधी त्यांचा अमेरिकी व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आणि परतीच्या दिवशीही चालू असलेला हवा. क्रूझ म्हणजे देशाबाहेर जाऊन परत येणं, ही गोष्ट खूप जण लक्षातच घेत नाहीत.

बेटांचं म्हणाल तर जमैका, बार्बाडोससारख्या देशांत भारतीयांना पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही. मेक्सिको वैध अमेरिकी व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असलेल्यांना वेगळा व्हिसा मागत नाही. पण मार्टिनिक, ग्वादलूप ही फ्रान्सची बेटं आहेत आणि तरी शेंगेनमध्ये (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) येत नाहीत. 'आमच्याकडे शेंगेन आहे' म्हणून निश्चिंत राहू नका. नियम बदलतात, म्हणून बुकिंगच्या आधी कंपनीला त्या विशिष्ट मार्गाबद्दल, पासपोर्ट कोणत्या देशाचा ते सांगून ईमेलवर विचारा आणि उत्तर छापून ठेवा. फोनवरच्या 'इट शुड बी फाइन'ला चेक-इनच्या काउंटरवर कोणी विचारत नाही.

आणखी एक. परत आल्यावर नव्याने सहा महिने मिळतील असं धरून चालू नका. चार दिवस बाहेर जाऊन मुक्काम वाढवण्याची ही युक्ती नाही.

७. माझा एच-१बी चालू आहे पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलाय. क्रूझ करता येईल?

हा प्रश्न सर्वांत फसवा, कारण 'माझा मित्र गेला होता' असं सांगणारा एक तरी भेटतोच. शिक्का संपला असताना ३० दिवसांच्या आत परत येण्याची एक सवलत आहे, पण बहुतेक व्हिसांना ती फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती. कॅरिबियनची शेजारी बेटं (क्यूबा सोडून) त्यात धरली जातात ती एफ आणि जे, म्हणजे विद्यार्थी आणि एक्स्चेंजवाल्यांसाठी. एच-१बीवाला जहाजाने बहामाजला गेला की तो सवलतीबाहेर. आणि नव्या शिक्क्यासाठी अर्ज करून ठेवला असेल तर ही सवलत एफवाल्यालाही मिळत नाही. तुमचा मित्र विद्यार्थी होता का, ते आधी विचारा. मग वकिलाला विचारा. मग तिकीट काढा.

ग्रीन कार्डवाल्यांनी कार्डाबरोबर स्वतःचा पासपोर्टही घ्यायचा.

८. पासपोर्टवर माझं माहेरचं नाव आहे, बुकिंग सासरच्या नावानं झालंय. चालेल?

नाही. बुकिंगवरचं नाव पासपोर्टवर छापलंय तसंच हवं. आपल्याकडे हा घोळ हमखास. एका कागदावर वडिलांचं नाव मधे, दुसऱ्यावर नवऱ्याचं, तिसऱ्यावर आडनावाचा रकानाच रिकामा. ज्यांच्या पासपोर्टवर आडनाव नाही त्यांच्या अमेरिकी व्हिसावर 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन) असं येतं आणि ऑनलाइन फॉर्म ते कसं भरायचं ते सांगत नाही. अशांनी स्वतः न भरता फोन करून भरून घ्यावं. नावातली दुरुस्ती आधी कळवली तर होते. बंदरावर उभं राहून होत नाही.

९. क्रूझ दुपारी सुटते. सकाळच्या विमानाने मायामीला पोचलो तर चालेल ना?

एक दिवस आधी जा. यावर माझ्याशी वाद घालू नका, मी तो अनुभव घेऊन बसलेय. जानेवारीत नेवार्कहून पहाटेचं विमान होतं. पंखांवरचा बर्फ काढायला रांग लागली, विमान साडेतीन तास उशिरा उडालं. आमची टॅक्सी मायामीच्या पुलावर चढली तेव्हा डावीकडे आमचं जहाज उभं होतं. पांढरंशुभ्र, अठरा मजली. टॅक्सीवाल्याने काच खाली केली. मुलगी म्हणाली, "आई, ते हलतंय." आणि खरंच, जहाज आणि धक्का यांच्यामध्ये पाण्याची एक हिरवी पट्टी दिसायला लागली होती. ती हात-दोन हात रुंद होती तेव्हापासून ती रस्त्याएवढी होईपर्यंत आम्ही बघत बसलो. पुढचं बंदर नासाऊ, तिथवर स्वतःच्या खर्चाने गेलो. हॉटेलची एक रात्र यापेक्षा पुष्कळ स्वस्त.

न्यू जर्सी-न्यूयॉर्कवाल्यांना विमान नको असेल तर बेयोन किंवा ब्रुकलिनहून सुटणाऱ्या क्रूझ आहेत. मात्र हिवाळ्यात पहिला दीड-दोन दिवस थंड आणि खवळलेला समुद्र. तलावाचं नाव काढायचं नाही.

१०. पहिल्या दिवशी जहाजावर चढताना काय लक्षात ठेवावं?

बंदरावर हमाल मोठ्या बॅगा घेतात आणि त्या संध्याकाळपर्यंत खोलीशी येतात. त्यामुळे पासपोर्ट, औषधं, चार्जर, पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत. सासऱ्यांनी 'सुरक्षित राहावा' म्हणून पासपोर्ट मोठ्या बॅगेत कुलूप लावून ठेवला होता. बॅग हमालाच्या गाडीवर चढली आणि आम्ही काउंटरवर उभे. ती बॅग शोधायला पाऊण तास गेला. तेवढ्या वेळात सासरे तीनदा म्हणाले, "कुलूप तरी चांगलं आहे."

चढल्यावर आधी मस्टर ड्रिल उरका, म्हणजे आपल्या ठरलेल्या जागी जाऊन हजेरी लावणं आणि लाइफ जॅकेटचं प्रात्यक्षिक बघणं. सुटण्यापूर्वी ते सगळ्यांना सक्तीचं आहे. मग सगळे बुफेकडे धावतात तेव्हा तुम्ही मुख्य डायनिंग रूममध्ये जेवणाच्या टेबलाची व्यवस्था लावा. का, ते पुढच्या प्रश्नात.

११. आम्ही शुद्ध शाकाहारी. उपाशी राहू का? जैन जेवण मिळतं का?

उपाशी कोणी राहत नाही, वजन वाढवूनच येतात. बुफेत बहुतेक दुपारी डाळ, भात, एखादी रस्साभाजी असतेच. खरी गंमत मुख्य डायनिंग रूममध्ये. पहिल्याच रात्री हेड वेटरला सांगा, 'आम्हाला रोज भारतीय शाकाहारी हवं.' दुसऱ्या दिवसापासून टेबलावर डाळ, भाजी, पापड, कधी पराठा येतो. पाच दिवस सलग पनीर आलं तरी ते प्रेमाने केलेलं असतं, हे समजून घ्या.

याचं कारण स्वयंपाकघरात आहे. जहाजांवर गोव्याची, मुंबईची, कोकणातली माणसं भरपूर. दर्यावर जाणं हा तिकडच्या घरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. आमच्या टेबलाला एकदा मडगावचा वेटर होता. तिसऱ्या रात्री माझी आई त्याला म्हणाली, "बाबा, चहा म्हणून हे जे पिशवीचं पाणी देता ना..." तो हसून आत गेला आणि आलं ठेचून उकळलेला, दुधाचा, तांबूस चहा स्टीलच्या किटलीतून घेऊन आला. मग रोज रात्री जेवणानंतर आई त्याच्या पोरींची चौकशी करायची, तो कोकणीत उत्तर द्यायचा, आई मराठीत विचारायची आणि शेजारच्या टेबलावरचं टेक्ससचं जोडपं 'आम्हालाही तो चहा मिळेल का' म्हणू लागलं.

जैन, कांदा-लसूण नसलेलं, ग्लूटेन नसलेलं हे आयत्या वेळी होत नाही. बुकिंग झाल्यावर लगेच, निदान दीड-दोन महिने आधी, कंपनीला लेखी कळवा आणि पहिल्या रात्री पुन्हा सांगा. सूपमध्ये चिकनचं पाणी असू शकतं, बीन्समध्ये डुकराची चरबी. 'व्हेजिटेरियन' एवढंच न म्हणता काय चालत नाही ते एकेक सांगा.

१२. घरचे लाडू, चिवडा, विजेची किटली नेता येते का?

कारखान्याचं सीलबंद पाकीट चालतं, घरचं शिजवलेलं नियमात बसत नाही. चितळ्यांची बाकरवडी न उघडता न्या. किटली, इस्त्री, छोटा कुकर, सर्ज प्रोटेक्टर असलेली एक्स्टेंशन कॉर्ड हे सगळं तपासणीत काढून ठेवतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. आगीची भीती, दुसरं काही नाही. वाद घालू नका.

उलट दिशेलाही नियम आहेत. जहाजावरचं फळ किंवा सँडविच बेटावर न्यायचं नाही. कोझुमेलच्या धक्क्यावर कुत्रा माझ्या पिशवीशी येऊन शांत बसला. आत एक संत्रं होतं. मुलं अजून ती गोष्ट सांगतात.

१३. बोट लागते. काय करू?

खोली खालच्या मजल्यावर आणि लांबीच्या मध्यभागी घ्या. तिथे हलणं सर्वांत कमी. स्वस्त म्हणून अगदी पुढची घेऊ नका. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, बऱ्याच जणांना हालचाल कळतही नाही. तरी औषध (मेक्लिझिन किंवा ड्रामामाइन) त्रास व्हायच्या आधी घ्यायचं, नंतर उपयोग कमी; झोप येते आणि वयस्करांनी डॉक्टरांना विचारूनच. जहाजावरचे लोक हिरवं सफरचंद आणि खारी बिस्किटं देतात. मी आलेपाकाच्या वड्या घेऊन जाते. डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघा, फोनकडे नाही.

खरी बोट लागते ती फेरीबोटीत. कोझुमेलहून समोरच्या प्लाया देल कारमेनला, तुलुमच्या माया अवशेषांच्या सहलीसाठी, फेरीने जावं लागतं. माझा मोठा दीर आठवडाभर जहाजावर ठणठणीत होता, त्या पाऊण तासात आडवा झाला.

१४. सासूसासरे पंचाहत्तरीचे आहेत. झेपेल का?

वयस्करांना यासारखी सहल नाही. सामान एकदाच लावायचं, लिफ्ट सगळीकडे, जेवण दारात. तीन गोष्टी मात्र बघा. एक, विमा. जहाजावरचा दवाखाना महाग असतो आणि तब्येत फार बिघडली तर हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर न्यायचा खर्च कोणाच्याही आवाक्याबाहेरचा. भारतातून आलेल्यांच्या व्हिजिटर पॉलिसीत जहाज आणि बेटं धरलीत का आणि आधीपासूनच्या आजारांचं काय, ते वाचा. दोन, औषधं मूळ डब्यांत, दोन-तीन दिवस जास्तीची. तीन, टेंडर बंदरं. ग्रँड केमन, बेलीझ अशा ठिकाणी जहाज धक्क्याला लागत नाही, समुद्रात थांबतं आणि छोट्या बोटीने जावं लागतं. बोट वरखाली होत असताना पाऊल टाकायचं असतं. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि व्हीलचेअरवाल्यांनी अशी बंदरं कमी असलेला मार्ग निवडावा.

१५. दारूचं पॅकेज घ्यावं का?

रोज पाच-सहा पेयं घेणार असाल तर हिशेब जमतो. पेच असा की बहुतेक कंपन्यांत एका खोलीतल्या एका प्रौढाने घेतलं तर सगळ्या प्रौढांना घ्यावं लागतं. नवरा पिणारा, बायको नाही, अशा घरांत हे पॅकेज भांडणच विकत देतं. किमतीवर साधारण १८ ते २० टक्के सेवाशुल्क वेगळं. अमेरिकेहून सुटणाऱ्या जहाजावर वय २१ हवं, कॉलेजातल्या मुलांना आधीच सांगून ठेवा.

१६. फोन चालतो का?

जहाज सुटताच फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वायफाय तेवढं चालू करा. नाहीतर फोन जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला आपोआप चिकटतो आणि ते नेहमीच्या रोमिंग प्लॅनमध्ये सहसा नसतं. आमच्या वऱ्हाडातल्या एका भाच्याचा फोन रात्रभर फोटो वर चढवत राहिला. बिल आलं तेव्हा त्याच्या तिकिटाच्या निम्म्याहून जास्त होतं. वायफाय हल्ली बरंच सुधारलंय, व्हिडिओ कॉलही होतो. पॅकेज घरून निघण्याआधी घेतलं तर स्वस्त पडतं.

१७. बेटावरची सहल कंपनीची घ्यावी की स्वतः ठरवावी?

लांब जायचं असेल तर कंपनीची, जवळ असेल तर स्वतः. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा पुढे पोचवायची सोय ते करतात. तुमच्या टॅक्सीचा टायर पंक्चर झाला तर जहाजाला त्याचं सोयरसुतक नाही. तुलुम, चिचेन इत्झा, बेलीझच्या गुहा या कंपनीबरोबर. सान हुआनचा जुना गाव, कुरसावची रंगीत घरं आणि १८८८ चा तरंगता एम्मा पूल, सेंट मार्टिनच्या फिलिप्सबर्गचा किनारा हे धक्क्यापासून पायी. जमैकाचा डन्स रिव्हर धबधबा हाताला हात धरून साखळी करून चढतात. पाण्यात चालायचे बूट घरून न्या, तिथे भाड्याने मिळणारे कोणाकोणाच्या पायात जाऊन आलेले असतात.

१८. जहाज चुकलं तर? खरंच सोडून जातात का?

खरंच जातात. सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधी सगळे आत हवेत. वेळ झाली की डेकवर कठड्याशी लोक जमतात, धक्क्यावर धावत येणाऱ्यांना बघायला. मीही उभी असते, खोटं कशाला बोलू. कोझुमेलला एकदा एक जोडपं डोक्यावर भल्यामोठ्या मेक्सिकन टोप्या घालून पळत होतं. टोपी उडाली, बाई थांबली, नवरा ओरडला, वरून दोन हजार लोक ओरडले. शेवटचा दोर सोडायच्या आधी ते चढले. टोपी धक्क्यावर राहिली.

बहुतेक जण चुकतात ते घड्याळामुळे. जहाजाची वेळ वेगळी, बेटाची वेगळी आणि फोन बेटाची दाखवतो. कोझुमेलचं राज्य वर्षभर एकच वेळ पाळतं. उन्हाळ्यात फ्लोरिडाच्या वेळेवर चालणारं जहाज त्याच्या एक तास पुढे असतं. म्हणजे फोनवर पावणेचार आणि जहाजावर पावणेपाच. सेंट थॉमस, बार्बाडोसकडे उलट : हिवाळ्यात बेट फ्लोरिडाच्या तासभर पुढे. काही कप्तान जहाजाची घड्याळं बदलतात, काही नाही. म्हणून साधं काट्याचं घड्याळ मनगटावर लावा आणि उतरताना दारावरच्या घड्याळाशी जुळवा.

बेटावर जाताना पासपोर्टची प्रत, थोडे डॉलर, एक क्रेडिट कार्ड आणि बंदरातल्या एजंटचा नंबर जवळ ठेवा. तो नंबर रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवर छापलेला असतो.

१९. पैसे कोणते न्यायचे?

अमेरिकी डॉलर जवळजवळ सगळीकडे चालतात. एक आणि पाचच्या नोटा भरपूर. सापळा ग्रँड केमनला आहे : तिथला एक डॉलर म्हणजे अमेरिकेचे १.२०. मेन्यूवर १० दिसले की १२ समजा. पूर्वेकडच्या बऱ्याच बेटांवर ईस्टर्न कॅरिबियन डॉलर चालतो, २.७० ला एक अमेरिकी. तिथे टॅक्सी ठरवताना 'कोणता डॉलर?' हे आधी विचारा. इथे चूक झाली तर आपल्या फायद्याची कधीच होत नाही.

२०. नवऱ्याला समुद्रकिनारा नको, खरेदी नको. क्रिकेट सोडून कशात रस नाही. त्याचं काय करू?

त्याला सदर्न क्रूझवर घाला. बार्बाडोसचं केन्सिंग्टन ओव्हल बंदरापासून जवळच. २०२४ चा टी-२० विश्वचषक भारताने तिथेच जिंकला. अँटिगाला सेंट जॉन्सचं जुनं रिक्रिएशन ग्राउंड धक्क्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. लाराच्या ३७५ आणि ४०० धावा तिथल्या, आणि २००२ मध्ये जबडा मोडलेला असताना पट्टी बांधून कुंबळेने गोलंदाजी केली तीही तिथेच. मार्गात त्रिनिदाद असेल तर क्वीन्स पार्क ओव्हल : गावसकरांची पहिली कसोटी, १९७१. त्या मालिकेत त्यांनी ७७४ धावा काढल्या आणि तिथे त्यांच्यावर कॅलिप्सो (तिथलं लोकगीत) रचलं गेलं. त्रिनिदादला डबल्सही खा. तळलेल्या दोन मऊ बाऱ्यांमध्ये चण्याची उसळ. ऊसमळ्यांवर गेलेल्या भारतीय मजुरांच्या नातवंडांचं खाणं.

२१. बंदर रद्द झालं तर पैसे परत मिळतात का?

बंदराचं शुल्क आणि कंपनीकडून घेतलेल्या सहलीचे पैसे परत येतात. तिकिटाचे नाही. मार्ग बदलायचा अधिकार कप्तानाला असतो आणि तो तुम्ही सही केलेल्या करारात लिहिलेला असतो. ग्रँड केमनला मी चारदा निघाले, दोनदाच उतरले; लाटा मोठ्या असल्या की टेंडर बोटी चालत नाहीत. म्हणून एखाद्या विशिष्ट बेटासाठी क्रूझ घेऊ नका.

२२. कपडे काय? साडी नेसली तर चालेल?

सात रात्रींत एक-दोन 'फॉर्मल नाइट' असतात. त्या रात्री पैठणी नेसा आणि बघा. जिन्यावर फोटोवाले सोडत नाहीत. एरवी साधे सुती कपडे, एक स्वेटर (थिएटरचं एसी वैऱ्यालाही लागू नये), रेनकोट.

अडचण मुलांच्या त्या हिरव्या-तपकिरी मिलिटरी छापाच्या चड्ड्यांची. बार्बाडोस, जमैका, सेंट लुसिया, ग्रेनेडा, त्रिनिदाद अशा अनेक देशांत ते कापड सामान्य माणसाने घालणं बेकायदा आहे, लहान मुलांनीसुद्धा. टोपी आणि पाठीवरची पिशवीही त्यात आली.

२३. बाळाला घेऊन जाता येतं का? आणि गरोदर असताना?

बहुतेक कंपन्यांत बाळ सहा महिन्यांचं हवं, लांबच्या सफरींना बारा. क्रूझ संपेपर्यंत चोविसावा आठवडा लागत असेल तर गरोदर बाईला चढू देत नाहीत आणि डॉक्टरांचं पत्र मागतात. डायपरमधल्या मुलाला मुख्य तलावात सोडत नाहीत, पोहण्याचा डायपर असला तरी.

२४. जहाजावर पोट बिघडण्याच्या बातम्या येतात. ते?

नोरोव्हायरस. जेलने तो नीट मरत नाही, साबणाने हात धुवा. दाराशी गाणं म्हणत जेल देणारा पोरगा गोड असतो, तरी सिंककडे जा.

२५. शेवटच्या दिवशी काय होतं?

आदल्या रात्री साधारण अकराच्या आत मोठ्या बॅगांना चिठ्ठी लावून दाराबाहेर ठेवायच्या. त्या थेट बंदरावर मिळतात. स्वतः उचलून नेणार असाल तर ठेवू नका आणि सकाळी लवकर उतरा. घरी जायचं विमान दुपारी बाराच्या आधीचं नको. आधी खात्याचं बिल तपासा, मदत केंद्रावरची रांग सकाळी सात वाजता पंढरपूरची होते.

आणि दुसऱ्या दिवशी घालायचे कपडे बाहेर काढून ठेवलेत ना, हे बॅग दाराबाहेर जाण्याआधी प्रत्येकाला विचारा. आमच्या वऱ्हाडातल्या एका काकांनी सगळं नीट घडी घालून भरलं, बॅगा गेल्या, आणि सकाळी ते फॉर्मल नाइटच्या जोधपुरीत आणि खोलीतल्या पांढऱ्या सपाता घालून कस्टममधून गेले. अधिकाऱ्याने पासपोर्टकडे बघितलं, पायांकडे बघितलं आणि विचारलं, "एनीथिंग टू डिक्लेअर, सर?"